कावळा कुणाच्या घरी शिवतो

उज्वलाला राग पटकन येत नसे. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत पाण्याच्या वेळेवरून बायका एकमेकींच्या अंगावर जायच्या, तेव्हा ही आपली बादली भरून निमूट घरात. पण एकदा आलेला राग ती लोणच्यासारखा मुरवत ठेवायची, वर फडकं बांधून. लग्नात जावेने तिच्या माहेरच्या साडीला पोतेरं म्हटलं होतं. तेव्हा ती काही बोलली नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्याच जावेच्या मुलीच्या साखरपुड्यात ती तीच साडी नेसून पहिल्या रांगेत बसली आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकीला हसून सांगत राहिली, "ही ती, ताईंनी पोतेरं म्हटलेली." जाऊ त्या दिवशी धड जेवली नाही.

उज्वला सटाण्याकडची, बारावी झालेली. नवरा सोमनाथ अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. सकाळी देवपूजा, गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनी मंडळ, एकादशीला उपास आणि मंडळातल्या कुणा एकीच्या घरी भजन. देवाचं सगळं पद्धतशीर. महिन्याच्या त्या चार दिवसांत ती देवघराच्या खोलीकडे वळायचीसुद्धा नाही. सोमनाथ दिवा लावायचा आणि मुलगी पिंकी फुलं वाहायची. पिंकीने लहानपणी विचारलं होतं, "आई, तू का नाही येत देवाजवळ?" उज्वलाची आई जे सांगायची, आजी जे सांगायची, तेच हिने सांगितलं. "मला कावळा शिवलाय."

पिंकीने पुन्हा कधी विचारलं नाही. उज्वलाला वाटलं, कळलं असेल.

पिंकी सहावीत गेली. पाथर्डी फाट्याकडची इंग्रजी शाळा, निळा गणवेश, टाय. पावसाळा संपता संपता शाळेत एक नवा तास सुरू झाला. वयात येताना शरीरात काय बदल होतात, मुलगा म्हणजे काय, मुलगी म्हणजे काय, कुणी कसं वागावं हे कोण ठरवतं, असं सगळं त्यात होतं. मुलं-मुली एकत्र बसवलेली. आईबापांना त्याचा पत्ताही नव्हता. तास घ्यायच्या स्नेहल मॅडम. एम.एस्सी. झालेल्या, केस खांद्यापर्यंत कापलेले, बोलणं झटपट.

मॅडमनी वर्गाला विचारलं, "मुली मोठ्या होतात तेव्हा त्यांना काय होतं? कुणाला माहीत आहे?"

सगळा वर्ग खाली बघत होता. पिंकीने हात वर केला. तिला उत्तर येत होतं आणि उत्तर येत असलं की ती हात वर करायची, एवढंच. उभी राहून म्हणाली, "टीचर, कावळा शिवतो. माझ्या आईलाही शिवतो. आमच्या आजोबांच्या पिंडाला शिवला होता ना, तसा."

गोदाघाटावर आजोबांचा दहावा झाला तेव्हा पिंकी सात वर्षांची होती. पिंड मांडून सगळे हात जोडून उभे, आणि कावळा काही खाली येईना. शेवटी सोमनाथने वडिलांना उद्देशून मोठ्याने सांगितलं, "दादा, गावचं घर विकणार नाही," तेव्हा कुठे तो उतरला, आणि सगळे सुटल्यासारखे म्हणाले, शिवला, शिवला. पोरीच्या डोक्यात हे दोन्ही कावळे एकच होते. घाटावर दहावा पाहिलेल्या पोराचीच ही चूक. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही.

वर्ग हसला. पोरंच ती, हसणारच. पण मॅडमही हसल्या. टेबलाला टेकून, तोंडावर हात ठेवून. आणि म्हणाल्या, "बस बाळा. हे घरून आलेलं दिसतंय."

त्या दिवसापासून पिंकीचं नाव काऊ पडलं. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून काव काव. डब्यातली पोळी कुणीतरी पळवायचं आणि म्हणायचं, काऊला घास. पिंकी घरी काही बोलली नाही. आधी जेवणातून लक्ष उडालं, मग सकाळी पोट दुखायला लागलं, मग एका सोमवारी ती गणवेश घालून पायरीवर बसली ती उठेचना.

उज्वलाला सगळं कळलं ते पालकसभेत. सभागृहात पडदा लावलेला. मॅडम आपल्या नव्या तासाचं महत्त्व सांगत होत्या आणि सांगता सांगता पडद्यावर एक चित्र आलं. कावळ्याचं. गोल डोळ्यांचा, चोच वासलेला, लहान पोरांच्या पुस्तकात असतो तसला.

"आजही आपल्या काही घरांत मुलींना शास्त्राऐवजी हा पक्षी शिकवला जातो," मॅडम म्हणाल्या. "एका मुलीने तर मला सांगितलं, की तिच्या आजोबांना शिवलेलाच कावळा तिच्या आईला शिवतो."

सभागृहात हशा पिकला. रुद्रची आई शेजारीच बसली होती. रुद्र पिंकीच्याच वर्गातला. ती हसता हसता थांबली आणि हळूच म्हणाली, "अगं, तुमची पिंकीच ना ती? आमच्या रुद्रने सांगितलं घरी."

उज्वला उभी राहिली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातून माहेरची बोली बाहेर पडली. "मनी पोर शे ती." माझी पोर आहे ती.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. तुम्ही पर्सनली घेऊ नका."

उज्वला खाली बसली. त्या क्षणी तिच्या मनात जे फडकं बांधलं गेलं ते बांधलं गेलं.

मुख्याध्यापकांकडे ती जाऊन आली. ते म्हणाले, "वरून आलंय हो, आमच्या हातात काही नाही. आणि चांगलंच आहे ना, मुलांना माहिती मिळते."

"माहिती देऊ नका असं मी म्हणत नाही," उज्वला म्हणाली. "माझ्या पोरीला हे कोण सांगणार, कधी सांगणार, कुणाच्या देखत सांगणार, हे मला विचारायला नको? सहलीला न्यायचं तर माझी सही लागते. ह्याला नाही लागली."

मुख्याध्यापकांनी मान हलवली आणि फोन उचलला.

रुद्रची आई मात्र आता त्या तासावरून पेटली होती. तिच्या ओळखीत कुठल्याशा संघटनेचे लोक होते, ते शाळेच्या गेटवर येऊन घोषणा द्यायला तयार होते. "तू फक्त पुढे हो गं. तुझ्यासोबत शंभर जण उभे करते. तो तास बंदच पाडू."

"तुझा रुद्र काव काव करायचा बंद होईल का त्याने?"

रुद्रच्या आईला ते झोंबलं. "पोरं आहेत, करतात मस्करी. तू मुद्द्याचं बोल."

"माझा मुद्दा हाच आहे," उज्वला म्हणाली आणि घरी आली. शंभर माणसं गेटवर ओरडली असती म्हणजे तिचा राग शंभरांत वाटला गेला असता. तिच्या वाट्याला कितीसा उरला असता? तिला तो अख्खा हवा होता. ती बाई तिच्यापुढे, त्याच वर्गात, त्याच पोरांसमोर खाली बघताना तिला पाहायची होती. देवापुढे दिवा लावताना ती हेच मागायची आणि मागताना लाजायची नाही.

देवाने मार्ग दाखवला तो भजनी मंडळातून. मंडळात कुसाबाई नावाची म्हातारी होती, येवल्याकडची. मुलाच्या नोकरीपायी नाशिकला येऊन राहिलेली. सगळ्या तिला कुसामावशी म्हणत. आवाज खणखणीत आणि सुनेचं कौतुकही तेवढंच खणखणीत. एका गुरुवारी तिने मोबाइल पुढे केला. "हे पाहा, आमच्या सूनबाईला शाळेत बक्षीस मिळालं. मॅडम हाय ती. इज्ञान शिकवती."

फोटोत स्नेहल मॅडम होत्या.

उज्वलाने फोटो पुन्हा पाहिला, मोठा करून पाहिला. मग गोड आवाजात म्हणाली, "मावशी, येत्या एकादशीचं भजन तुमच्याकडे करू या का? बरेच दिवस झाले तुमच्या घरी नाही झालं."

"या की. लय आनंद वाटंल."

तिचा बेत साधा होता. सासूच्या घरात, मंडळाच्या पंधरा बायकांपुढे, चहा पिता पिता सहज विचारायचं: मावशी, तुमची सून पोरापोरींना एकत्र बसवून काय काय शिकवते, तुम्हाला ठाऊक आहे का? पुढचं मावशी बघून घेतील. चार दिवस ती हेच वाक्य घोळवत होती. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं बसवलं होतं.

एकादशीला इंदिरानगरातल्या कुसाबाईच्या फ्लॅटमध्ये मंडळ जमलं. देवापुढे समई, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू. चहाचा ट्रे घेऊन कुसाबाई स्वतःच आली, गुडघे धरत.

"मावशी, तुम्ही कशाला? सूनबाई नाहीत का घरी?" कुणीतरी विचारलं.

"हाय ना," कुसाबाई म्हणाली. "पण आज ती बाजूला बसलीय. मागच्या गॅलरीत. आमच्याकडं अजून सगळं पाळत्यात बाई. एवढी शिकली, पण मी सांगितलेलं मोडत नाय."

बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. उज्वलाच्या हातातला कप थांबला. चार दिवस घोळवलेलं वाक्य तिने तिथेच गिळलं. त्याहून मोठं काहीतरी हाती लागलं होतं.

भजन सुरू झालं, टाळांचा आवाज चढला, तेव्हा ती कप विसळायच्या निमित्ताने उठली. स्वयंपाकघराच्या पलीकडे गॅलरी. कपडे वाळत घातलेले, आणि त्यांच्या खाली एका चटईवर स्नेहल मॅडम. मांडीवर लॅपटॉप, शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या. ताटात खिचडी गार होऊन गोळा झालेली.

उज्वला दारात उभी राहिली. "मॅडम."

मॅडमनी वर पाहिलं. ओळख पटायला क्षण लागला, आणि ओळख पटल्यावर त्यांचा चेहरा जो उतरला, तो उज्वलाने डोळे भरून पाहिला.

"कावळा शिवला का?" तिने विचारलं. अगदी आपुलकीने, एखादीने तापाची चौकशी करावी तसं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "प्लीज. आईंना काही सांगू नका."

"काय सांगू नको? शाळेत काय शिकवता ते, की शाळेत सांगू नको, घरी कशा बसता ते? नक्की कुठलं?"

"मला हे आवडतं असं वाटतं का तुम्हाला? घरात शांतता राहावी म्हणून करते मी. चार दिवसांचा तर प्रश्न असतो."

"मग माझ्या घरच्या चार दिवसांना का हसलात?"

आत टाळ वाजत होते. मॅडमनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी तुमच्या मुलीला बोलावून सॉरी म्हणते. माझ्या केबिनमध्ये."

"केबिनमध्ये नाही. हसलात ते वर्गात. पडद्यावर लावलात ते सभेत. सभेचं मी सोडून देते. पण वर्गात, त्याच जागी उभं राहून, सगळ्या पोरांसमोर सांगायचं."

"काय सांगू?"

"जे आहे ते. की तुमच्या घरीही कावळा शिवतो."

"मुलं घरी जाऊन सांगतील. आईंच्या कानावर जाईल, की मी घरातलं बाहेर बोलले. तुम्हाला माहीत नाही त्या कशा आहेत."

"माझ्या पोरीचंही घरोघर गेलं, मॅडम. ती दहा दिवस शाळेत आलेली नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

नव्हतं आलं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं. उज्वला म्हणाली, "सोमवारी पाठवते तिला," आणि आत जाऊन टाळ घेऊन बसली. त्या दिवशी तिचा आवाज असा लागला, की कुसाबाईने मान वळवून दाद दिली.

सोमवारी पिंकीने पायरी सोडायला नकार दिला. उज्वलाने तिचा हात धरला. "आजचा दिवस. आज झालं नाही तर मी शाळा बदलते, शब्द देते." स्कूटीवरून पोचवलं, आणि डबा मुद्दाम स्वतःकडेच ठेवला, म्हणजे वर्गाच्या खिडकीपाशी जायला कारण झालं.

मॅडम आल्या. हजेरी झाली. खडू हातात घेतला, ठेवला.

"मागे मी एका उत्तराला हसले होते," त्या म्हणाल्या. "पिंकीच्या. ते हसणं चूक होतं. पाळी आली की आपल्याकडे पुष्कळ घरांत म्हणतात, कावळा शिवला. तो फक्त एक शब्द आहे. माझ्या घरीही तोच म्हणतात. मीसुद्धा ते चार दिवस बाजूला बसते."

मग मागच्या बाकावरून रुद्रने केलं, काव.

सगळा वर्ग फुटला. यावेळी कुणीही पिंकीकडे बघत नव्हतं. सगळे मॅडमकडे बघत हसत होते. मॅडमनी गप्प बसा म्हटलं नाही. टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि खाली बघत होत्या.

खिडकीबाहेर उज्वला डबा छातीशी धरून उभी होती. तिला गार वाटलं. खरंच, अंगावरून गार पाणी गेल्यासारखं. हशा ओसरेपर्यंत ती हलली नाही. एक कणही तिला वाया जाऊ द्यायचा नव्हता. मग तिने शिपायाकडे डबा दिला आणि घरी येऊन देवाला साखर ठेवली.

संध्याकाळी पिंकी आली ती बोलतच आली. बऱ्याच दिवसांनी बूट कुठेही भिरकावले होते. उज्वला मेथी निवडत होती, पिंकी शेजारी फतकल मारून बसली.

"आता मॅडमलाच काऊ म्हणतात सगळे."

"म्हणू दे."

"त्यांचा आवाज कापत होता, आई."

"कापू दे."

पिंकीने एक काडी उचलली, पानं खुडायला लागली. मग तिने विचारलं, "मग तो कावळा खरा नसतो?"

"नसतो गं."

"आणि तुला शिवला तरी तू मरत नाहीस?"

उज्वलाच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मरायला काय झालं?"

"आजोबांना शिवला, आणि सगळे म्हणाले, आता सुटले. मग तुला शिवायचा, तेव्हा मला वाटायचं, ह्या वेळी तू पण…" पोरीने वाक्य पुरं केलं नाही. "मी देवाला फुलं वाहताना सांगायचे, बाबांनी सांगितलं होतं तसं. की घर विकणार नाही, भांडणार नाही, कावळ्याला परत पाठव."

पोरगी पाच वर्षं, दर महिन्याला, एकटी देवाशी हे बोलत होती. आणि आई पलीकडच्या खोलीत बसलेली.

उज्वलाने मेथी बाजूला सारली. तिच्याकडे शब्द नव्हते. कावळा, अडचण, बाजूला, एवढेच तिला कुणी दिले होते. पण हे पोरीला कोण सांगणार ते मला विचारा, असं मुख्याध्यापकांना तोंडावर सांगून आलेली बाई होती ती. तिने पाळी हा शब्द उच्चारला. मग रक्त म्हणाली. मग पोटात कुठे काय असतं, ते हाताने स्वतःच्या पोटावर दाखवलं. जे येत नव्हतं तिथे म्हणाली, "हे मलाही नीट माहीत नाही, आपण बघू." आणि शेवटी सांगितलं, की देवाजवळ मी जात नाही ती माझी श्रद्धा, त्याचा मरणाशी काही संबंध नाही, तू मोठी झालीस की तुझं तू ठरव. सोमनाथ कामावरून आला तेव्हा दोघी अंधारातच बसल्या होत्या, दिवा लावायचा राहिला होता.

मॅडमवरचा राग ह्याने गेला का? नाही. उलट वाढला. पोरीने हात वर केला तेव्हा ही बाई हसली नसती, बाळ तुला असं का वाटतं एवढं विचारलं असतं, तर ही भीती त्याच दिवशी बाहेर पडली असती. शिकवायला उभी होती ना ती? उज्वलाने हे मनात पक्कं लिहून ठेवलं. कुणी माफी मागितली म्हणून ती त्याला माफ करत नसे.

गुरुवारी देवळात कुसाबाई तिच्याशेजारी येऊन बसली. आवाज नेहमीपेक्षा खाली.

"उज्वला, तुझी पोर त्याच शाळेत ना? आमच्या इमारतीतली पोरं काय काय सांगत्यात. सूनबाईनं म्हणं वर्गात आमच्या घरातलं सांगितलं. आन् पोरं तिला काऊ म्हणत्यात. खरं का गं?"

खोटं बोलायचं उज्वलाच्या मनात आलं नाही. देवळात तर नाहीच.

"खरं आहे, मावशी. मीच बोलायला लावलं त्यांना. त्या माझ्या पोरीला हसल्या होत्या, म्हणून."

तिला वाटलं, म्हातारी भडकेल. उठून जाईल, मंडळात बोभाटा करेल. त्याचीही तिने तयारी ठेवली होती. पण कुसाबाई तिच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरलं. तिने उज्वलाच्या मांडीवर थाप मारली.

"बेस केलंस. लय शानी समजायची सोताला. घरी यकदा तोंड वर करून मला म्हनली होती, हे समदं थोतांड हाय. आता बसली ना मुकाट? येऊ दे आज घरी. मी बी म्हनते, या काऊबाई, बसा गॅलरीत."

उज्वलाने मांडीवरचा हात उचलून बाजूला ठेवला.

"मावशी, असं काही म्हणायचं नाही."

"आँ? का?"

"ती मला नडली होती, तुम्हाला नाही. मी तिला वर्गात उभं केलं, माझं फिटलं. तुम्ही त्यावर हात शेकायचे नाहीत. घरी तिला ह्यावरून एक शब्द जरी बोललात, तर मंडळात एक तर तुम्ही राहाल नाही तर मी."

"अगं पण ती तुझी कोन लागती?"

"कुणी नाही. माझ्या पोरीची मॅडम आहे."

कुसाबाईचं हसू गेलं. तिने पदर सारखा केला, जरा सरकून बसली आणि उज्वलाकडे बघायचं टाळत टाळ हातात घेतले. इतकी वर्षं सुरुवातीचं भजन कुसाबाईच उचलायची. आज ती उचलेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा उज्वलाने स्वतःचे टाळ वर केले आणि सुरुवात केली.